मुंबईत शिकायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनवर प्रश्नांची रांग लागते. काही विद्यार्थ्यांचे, काही आईवडिलांचे, काही गावाकडच्या शिक्षकांचे. मी मूळची उदगीरची. पदवीसाठी मुंबईत आले, एम.ए. इथंच केलं आणि आता इथल्याच एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून ठेवते आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

१. मॅडम, डिग्री तर सगळीकडे सारखीच. मग मुंबईत शिकून वेगळं काय मिळतं?

डिग्री सारखीच, हे अगदी खरं. मुंबई विद्यापीठाची हद्द मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशी पसरलेली आहे. सावंतवाडीच्या आणि चर्चगेटच्या मुलांच्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाचं नाव एकच असतं.

फरक पडतो तो शेजारी कोण बसलंय याने. एकदा मी असंघटित क्षेत्र शिकवत होते. व्याख्या फळ्यावर लिहून झाली होती. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "माझे अब्बू जरीकाम करतात. पैसे महिन्याला मिळत नाहीत, नगावर मिळतात. मग ते कामगार की धंदेवाले?" पुढच्या रांगेतला एक मुलगा वळला. त्याच्या घरची मुळजी जेठा मार्केटमध्ये कापडाची पेढी. तो म्हणाला, "आमच्याकडे त्याला जॉबवर्क म्हणतात. आम्ही त्यांना कामगार धरतच नाही." वर्ग एकदम शांत झाला. मग आजारपणात पैसे कोण देतं, माल खराब निघाला तर नुकसान कुणाचं, सुई-धागा कुणाचा, असे प्रश्न दोघं एकमेकांना विचारू लागले. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. फळ्यावरच्या व्याख्येत जे मावत नव्हतं ते त्या दोघांनी पंधरा मिनिटांत बाहेर काढलं. असा वर्ग मिळणं हाच मुंबईतल्या शिक्षणाचा फायदा. पण तो आपोआप मिळत नाही. त्याबद्दल प्रश्न ५ मध्ये लिहिलंय.

२. इथल्या कॉलेजांची नावं इतकी वेगवेगळ्या धर्मांची, समाजांची कशी? ती त्या त्या समाजापुरतीच असतात का?

हा माझा आवडता प्रश्न आहे, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देते.

मुंबईत जो समाज आला त्याने पोटापाण्याची सोय लागताच शाळा-कॉलेज काढलं. विल्सन कॉलेजची सुरुवात 1832 मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी केली. झेवियर्स 1869 मध्ये जेझुइट पाद्र्यांनी काढलं. मातुंग्याचं खालसा कॉलेज शिखांचं, एसआयईएस दक्षिण भारतीयांचं. जोगेश्वरीचं इस्माईल युसुफ कॉलेज एका मुस्लिम दानशूराच्या देणगीतून उभं राहिलं आणि ते सरकारी कॉलेज आहे. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंधी प्राध्यापकांनी 1948 मध्ये जयहिंद कॉलेज सुरू केलं. घरदार मागे टाकून आलेल्या माणसांनी वर्षभरात कॉलेज उभं करावं, याचं मला आजही फार मोल वाटतं. त्याच्या दोन वर्षं आधी, 1946 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज काढलं. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून तिथले वर्ग सकाळी भरत. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये पुण्यात सुरू केलेलं महिला विद्यापीठही पुढे मुंबईत आलं. त्याला नाव मिळालं ते विठ्ठलदास ठाकरसी या गुजराती भाटिया उद्योगपतींच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं. आपण एसएनडीटी म्हणतो ते हेच.

विद्यापीठाच्या फोर्टमधल्या वास्तूंचीही तीच गोष्ट. दीक्षान्त सभागृहाला नाव आहे सर कावसजी जहांगीर या पारशी दात्याचं. राजाबाई टॉवरसाठी पैसे दिले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी: दोन लाख ग्रंथालयासाठी आणि तेवढेच मनोऱ्यासाठी. राजाबाई हे त्यांच्या आईचं नाव.

आज या कॉलेजांत सगळ्या समाजांची मुलं शिकतात. प्रवेश घेताना एक गोष्ट मात्र बघा. धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक दर्जा असलेल्या कॉलेजात साधारण निम्म्या जागा त्या समाजासाठी असतात आणि मागास प्रवर्गांच्या आरक्षणाचे नियमही तिथे वेगळे लागतात. एका वर्षी टक्केवारी पुरेशी असूनही माझ्या ओळखीतल्या दोन मुलांची यादीत नावं लागली नाहीत, कारण त्यांनी ही बाब पाहिलीच नव्हती. फॉर्म भरण्याआधी माहितीपुस्तिकेतला जागांचा तक्ता वाचा.

३. फोर्ट आणि कलिना, नक्की विद्यापीठ कुठलं? मला रोज कुठे जावं लागेल?

दोन्ही. विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857 ची. फोर्टमधला जुना परिसर तुम्ही चित्रात पाहता तो. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाने भारतात पाऊल न टाकता त्याचे आराखडे केले. 2018 पासून तो जागतिक वारसा यादीतल्या इमारतींमध्ये आहे. पदव्युत्तर विभाग बहुतेक सांताक्रूझ पूर्वेच्या कलिना संकुलात, म्हणजे विद्यानगरीत आहेत. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्यांना रोज आपापल्या कॉलेजातच जायचं असतं. कलिन्याला सांताक्रूझ किंवा कुर्ला स्टेशनवरून बस मिळते.

पदवीची मुलं कलिन्याला फिरकतच नाहीत, याचं वाईट वाटतं. एकाच संकुलात मराठी, गुजराती, कन्नड, सिंधी, उर्दू, अरबी, पाली, संस्कृत, जर्मन, रशियन शिकवणारे विभाग आहेत. लोककला अकादमी आहे. यांतल्या बऱ्याच विभागांची व्याख्यानं खुली असतात. एखादा शनिवार काढून जाऊन या.

४. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी कच्चं, हिंदी बोलतानाही अडखळते. मी मागे पडेन का?

पहिलं सत्र जड जाईल. खोटा धीर देण्यात अर्थ नाही. मलाही गेलं होतं. पहिल्याच आठवड्यात सरांनी 'असाइनमेंट सबमिट करा' म्हटलं आणि नक्की काय करायचं हे विचारायला मी चार दिवस लावले.

आता मी मुलांना जे सांगते ते असं. कला शाखेत अनेक विषयांच्या उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येतात. आपल्या कॉलेजात कोणत्या विषयांना ती मुभा आहे हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या. धडा इंग्रजीत असेल तर आधी त्या विषयावरची मराठी विश्वकोशातली नोंद वाचा. विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. कल्पना मराठीत पक्की झाली की इंग्रजी पान निम्मं सोपं होतं. शक्य असेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद व्हा. 1898 पासूनची ही संस्था आहे आणि तिथल्या शांत अभ्यासिकेत बसायला मिळणं हे दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलासाठी फार मोठी गोष्ट आहे.

वर्गात शंका मराठीत विचारा. बेधडक विचारा. माझ्या वर्गात किनवटचा एक मुलगा होता. तो शंका मराठीत विचारायचा आणि शेजारी बसणारी तमिळ मुलगी ती इंग्रजीत करून सगळ्यांना सांगायची. त्याने खिशात मावेल अशी वही केली होती. डाव्या पानावर त्याला अडलेले इंग्रजी शब्द, उजव्या पानावर तिला हवे असलेले मराठी शब्द. 'वशिला' हा शब्द तिला समजावताना त्याची पार दमछाक झाली, कारण आधी तलाठी कार्यालय समजावावं लागलं. वर्षअखेरीला वहीची दोन्ही पानं भरलेली होती. तुमच्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे हे कळलं की न्यूनगंड पुष्कळ कमी होतो.

मुंबईची हिंदी व्याकरणाला धरून चालत नाही. तिला घाबरू नका.

५. पण कॉलेजात सगळे आपापल्या ग्रुपमध्येच बसतात. गुजराती वेगळे, मराठी वेगळे, हॉस्टेलची मुलं वेगळी. मग त्या विविधतेचा उपयोग काय?

तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे. कँटीनमध्ये जाऊन उभं राहिलं की भाषेवरून टेबलं ओळखता येतात. एका शहरात, एका वर्गात तीन वर्षं राहून एकमेकांच्या घरी पाणीसुद्धा न प्यालेली मुलं मी पाहिली आहेत. नुसतं शेजारी बसून कुणी काही शिकत नाही.

मला आलेला अनुभव असा की गप्पा मारायला या असं बोलावून मुलं मिसळत नाहीत, काम पडलं की मिसळतात. म्हणून मी प्रकल्पाचे गट चिठ्ठ्या टाकून पाडते. पहिला आठवडा कुरबुर चालते. मग एकाच्या घरी प्रिंटर असतो, एकीला नकाशा काढता येतो, एकाला वस्तीत ओळख असते, आणि गट चालायला लागतो. तुमचे शिक्षक तसं करत नसतील तर राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. सात दिवसांच्या निवासी शिबिरात पहाटे एकाच नळावर नंबर लावावा लागतो, पोळ्या लाटाव्या लागतात, रात्री एका सतरंजीवर झोपावं लागतं. नाटकाची तालीम, कबड्डीचा संघ, भित्तिपत्रक, यांपैकी काहीही चालेल. एकट्याने पुरं होणार नाही असं काम निवडा, एवढंच.

आणि दोस्ती झाल्यावर घरी जा. डोंबिवलीच्या मुलीने मोहम्मद अली रोडच्या मैत्रिणीच्या घरी एकदा जेवून यावं, तिला आपल्या घरी बोलवावं. आईवडील आधी काळजी करतात. मैत्रीण समोर बसून आमटीत भात कालवू लागली की त्यांचीही काळजी मिटते.

६. शहरातून शिका असं तुम्ही म्हणता. म्हणजे नेमकं कुठे जायचं? यादी द्या ना.

यादी दिली की मुलं एका रविवारी दहा ठिकाणं उरकतात, फोटो काढतात आणि विसरतात. म्हणून यादी देत नाही. एक ठिकाण निवडा आणि तिथे तीनदा जा. पहिल्यांदा नुसतं बघायला. मग त्यावर वाचा आणि पुन्हा जा. तिसऱ्यांदा तिथल्या माणसाशी बोलायला.

कान्हेरीचं उदाहरण घ्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून जास्त बौद्ध लेणी आहेत. पहिल्या खेपेला माकडं आणि पायऱ्याच लक्षात राहतात. थोडं वाचून गेलात की पाण्याची टाकी दिसू लागतात, खडकात कोरलेले पन्हाळ दिसतात, दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची ब्राह्मी लिपीतली नावं दिसतात. आणि एका लेण्यात पहलवी, म्हणजे जुन्या इराणी, लिपीतले लेख आहेत. 1009 आणि 1021 या वर्षी पारशी मंडळी इथे येऊन आपली नावं कोरून गेली. हजार वर्षांपूर्वी बौद्ध लेणं पाहायला आलेले पारशी! मुंबईत सगळे कधीपासून एकत्र राहतात, या प्रश्नाचं एक उत्तर त्या भिंतीवर आहे.

विषयाप्रमाणे निवडायचं असेल तर इतिहासवाल्यांनी फोर्टातल्या टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जावं. भायखळ्याच्या संग्रहालयात जावं. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे गोव्याकडचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, आणि शिलालेख वाचण्यातही निष्णात. पर्यावरण शिकणाऱ्यांनी हिवाळ्यात शिवडीला ओहोटीच्या वेळी फ्लेमिंगो बघावेत आणि मग मिठी नदीच्या काठाने चालून यावं. वाणिज्यवाल्यांनी सकाळी सहाला दादरच्या फुलबाजारात उभं राहावं. भाव कसा ठरतो ते तिथे डोळ्यांसमोर दिसतं.

७. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आहे. आम्हाला धारावीत जायचंय. कसं जावं?

आधी स्वतःला विचारा, धारावीच का? सिनेमात पाहिली म्हणून जाणार असाल तर आपल्याच गल्लीतल्या इस्त्रीवाल्याशी बोला, जास्त शिकाल.

खरंच जायचं असेल तर ओळखीच्या माणसाबरोबर जा. पहिल्या भेटीत फॉर्म काढू नका, कॅमेरा तर मुळीच नाही. आम्ही कुंभारवाड्यात गेलो होतो. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वस्ती पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या समस्या काय आहेत?" चाकावर बसलेल्या आजोबांनी मान वर न करता म्हटलं, "बेटा, पहले मटका देखो." मुलं ओशाळली. मग खाली बसून त्यांनी तासभर पाहिलं: माती कशी तुडवतात, ओल्या पणत्या फळीवर कशा ओळीने मांडतात, चिंध्या आणि कापसाचा भुगा घालून भट्टी कशी पेटवतात, धूर झाला की शेजारच्या बायका दोरीवरचे कपडे कसे लगबगीने काढतात. त्या धुराबद्दलच मग बोलणं निघालं आणि प्रकल्पाला विषय मिळाला. आजोबांनी स्वतः सांगितलं की भट्टी बंद करा म्हणणारे बरेच येतात, दुसरी कशी परवडेल हे सांगायला कुणी येत नाही.

आणखी दोन गोष्टी पाळा. पाण्याच्या वेळेला आणि जेवणाच्या वेळेला जाऊ नका. आणि अहवाल तयार झाला की तो हिंदीत किंवा मराठीत करून त्या लोकांना वाचून दाखवायला परत जा. बहुतेक गट इथेच चुकतात. गुण मिळाले की वस्ती विसरतात, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना तिथे कुणी उभं करत नाही.

विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाला ही परंपरा जुनी आहे. 1919 मध्ये तो सुरू करणारे पॅट्रिक गेडिस शहर पायी हिंडून समजून घ्यावं असं सांगणारे होते. त्यांच्यानंतर गो. स. घुर्ये आले आणि इरावती कर्वे घुर्यांच्याच विद्यार्थिनी.

८. विद्यापीठाच्या हॉस्टेलला नंबर लागला नाही. आता राहायचं कुठे?

हॉस्टेलच्या जागा फार कमी आहेत, त्यामुळे निकालाआधीच चौकशी सुरू करा. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांची शासकीय वसतिगृहं आहेत. तिथेही जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. राहण्याजेवण्याचा खर्च थेट खात्यात येतो. इतर काही प्रवर्गांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर भरायचे असतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला गावाहून निघतानाच बरोबर घ्या. सप्टेंबरमध्ये एका दाखल्यासाठी मुलं रात्रीच्या एसटीने गावी जाताना बघून जीव तुटतो.

भाड्याने खोली घेणार असाल तर भाडेकरार नोंदवून घ्या आणि डिपॉझिटची पावती मागा. कल्याण, वसई, पनवेलकडे भाडं कमी, पण प्रवास वाढतो (प्रश्न १० पाहा).

९. मॅडम, फोनवर सगळं ठरलं होतं. आडनाव सांगितलं आणि खोली दिली गेली असं उत्तर आलं. असं सगळ्यांबरोबर होतं का?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी वाचताना त्रास होतो. होय, होतं. मुस्लिम मुलांबरोबर होतं, दलित मुलांबरोबर होतं, ईशान्येकडच्या मुलींबरोबर होतं, मांसमच्छी खाणाऱ्यांबरोबर होतं, एकट्या मुलींबरोबर होतं. सगळ्यांना सामावून घेणारं शहर म्हणून आपण मुंबईचं कौतुक करतो, तेव्हा हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

तुमच्यात काही कमी आहे असं मनात आणू नका. व्यवहाराचं सांगायचं तर दलालाला पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगा, हेलपाटा वाचतो. आपल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांना विचारा, कारण ज्या घरमालकाने एकाला नीट ठेवलं तो दुसऱ्यालाही ठेवतो. आमच्या कॉलेजात मुलांनीच अशी वही सुरू केली आहे: कुठल्या इमारतीत कोण काही न विचारता खोली देतं. सोडून जाणारा मुलगा आपल्या जागी कनिष्ठ वर्गातला मुलगा लावून देतो. मुसलमान, बौद्ध आणि ब्राह्मण अशी तीन मुलं गेल्या वर्षी चेंबूरला एका खोलीत राहिली, तीही या वहीमुळेच. तुमच्या कॉलेजात अशी वही नसेल तर सुरू करा.

१०. येऊन-जाऊन तीन तास लोकलमध्ये जातात. अभ्यास कधी करायचा?

आधी सवलतीचा पास काढा. कॉलेजच्या कार्यालयातून घर ते कॉलेज एवढ्या टप्प्याचा सवलतीचा फॉर्म मिळतो, तो स्टेशनच्या खिडकीवर द्यायचा. बसायला जागा मिळत असेल तर वाचा. उभ्याने वाचायचा अट्टहास करू नका. मी केला, चष्म्याचा नंबर वाढला. त्यापेक्षा ऐका. महिलांच्या डब्यात मी दहा वर्षांत जेवढं समाजशास्त्र ऐकलं तेवढं एखाद्या ग्रंथालयात मिळालं नसतं. भाजी निवडता निवडता सुनेबद्दल बोलणारी कारकून बाई, रात्रपाळी करून परतणारी परिचारिका, टिकल्या-क्लिपा विकणारी मुलगी. तिला उधारी कोण बुडवतं हेही पाठ असतं.

खूप दमणूक होत असेल तर आठवड्यातले दोन दिवस कॉलेजच्या ग्रंथालयात उशिरापर्यंत बसून गर्दी ओसरल्यावर निघा.

११. आम्ही माळकरी. जेवणाचं कसं जमेल?

जमेल. गुजराती, मारवाडी, उडुपी अशा शाकाहारी खानावळी सगळीकडे आहेत. मातुंग्याला केळीच्या पानावर जेवता येतं. मच्छी हवी असणाऱ्यांना मालवणी खानावळी आहेत. डबा शेजारी उघडून बसा, आपलं आपण खा, दुसऱ्याच्या डब्याला नाक मुरडू नका. माझ्या एका माळकरी विद्यार्थ्याची कोळी मैत्रीण त्याच्यासाठी डब्यात वेगळी तांदळाची भाकरी आणायची.

१२. दुसऱ्या धर्माच्या ठिकाणी गेलं तर चालतं का? अग्यारीत जाता येतं का?

अग्यारीत जाता येत नाही. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, आणि तो त्यांचा नियम आहे. बाहेरून वास्तू बघा. दादरच्या पारशी कॉलनीत, फाइव्ह गार्डन्सकडे चक्कर मारा. तिथल्या एखाद्या आजींशी बोलणं झालं तर तुमची दुपार सार्थकी लागेल.

सिनेगॉगमध्ये आधी परवानगी घ्यावी लागते आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. मांडवीचं सिनेगॉग 1796 चं आहे. ते बेने इस्राएल समाजाचं, म्हणजे कोकणातून आलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते चकित होतात.

दर्ग्यात आणि गुरुद्वारात डोकं झाकून जा. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना फिरू नका. सप्टेंबरमध्ये वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते, तिथे मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. आपल्याकडच्या नवसाशी ताडून बघा. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जाणार असाल तर शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉल्ससाठी वेळ ठेवा. पायात चप्पल नसलेली माणसं पिशवीभर पुस्तकं घेऊन जाताना मी तिथे पाहिली आहेत. माझ्या प्रत्येक तुकडीला मी तिथे नेते.

शंका असेल तिथे दारातच विचारा. विचारल्याबद्दल मला आजवर कुणी रागावलेलं नाही.

१३. वर्गात जातीवरून, आरक्षणावरून टोमणे मारतात. घरी सांगितलं तर परत बोलावतील. कुणाकडे जाऊ?

आधी ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एका शिक्षकाला सांगा. तारीख, जागा, बोललेले शब्द आणि समोर कोण होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. मेसेज असतील तर पुसू नका. मग कॉलेजच्या समान संधी कक्षाकडे किंवा तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रॅगिंग असेल तर 1800-180-5522 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याचा जातीवरून जाहीर अपमान हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. मुलींना लैंगिक त्रास होत असेल तर अंतर्गत तक्रार समिती प्रत्येक संस्थेत असायलाच हवी.

आणि जे बाजूला बसून ऐकतात त्यांना सांगते, "बस कर" हे दोन शब्द तुम्ही उच्चारलेत तर त्या मुलाला तक्रार करावीच लागणार नाही, असं बऱ्याचदा होतं.

१४. मी भांडुपमध्येच वाढलो. मला शहर माहितीच आहे. मला काय नवीन?

भांडुप माहिती आहे. वर्गातल्या गडचिरोलीच्या मुलाला घेऊन एकदा भांडुप फिरा. त्याच्या दहा प्रश्नांपैकी किती उत्तरं देता येतात ते बघा.

१५. मी दूरस्थ शिक्षणातून बी.ए. करतेय, राहणार अलिबागलाच. मला यातलं काहीच मिळणार नाही का?

तुमच्या गावात इस्राएल आळी आहे, तिथे सिनेगॉग आहे. प्रश्न १२ मध्ये मी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या बेने इस्राएलांचं मूळ तुमच्याच तालुक्यांत. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, तरी मागे राहिलेल्या खुणा आहेत. रत्नागिरीत राहणाऱ्या मुलांना ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा आहे. इंग्रजांनी त्याला कैद करून तिथे ठेवलं आणि 1916 मध्ये तो तिथेच वारला. कोकणी मुस्लिमांची घरं, आगरी-कोळी वाड्या, कातकरी पाडे तुमच्या सायकलच्या अंतरावर आहेत. प्रश्न ६ मधली तीनदा जाण्याची रीत तिथेही चालते.

मार्गदर्शन वर्गांसाठी मुंबईला याल तेव्हा मांडव्याहून सकाळची पहिली लाँच पकडा. गेटवेला उतरून चालत एशियाटिकपर्यंत फार वेळ लागत नाही. तिथे पोचलात की मला मेसेज करा. मी फोर्टात असेन तर पायऱ्यांवर भेटू.